पाचव्या घरचं पीठ

तुळजापुरात नारायणरावांशी भांडण झालं नाही असा माणूस शोधायचा, तर तो बाहेरगावच्या यात्रेकरूंतच सापडेल. तहसीलमधून कारकून म्हणून रिटायर झाले, पण अर्ज करायची खोड गेली नाही. कुणाची गाडी आडवी लागली, अर्ज. कुणाचं कुत्रं भुंकलं, अर्ज. बायको शामला होती तोवर मागनं जाऊन लोकांची समजूत घालायची. ती गेली आणि म्हातारा मोकाट सुटला.

तीन महिन्यांपूर्वी शेजारी संघपाल आणि वृषाली राहायला आले. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका. आडनाव ऐकून नारायणरावांच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच. परवा तर मोरीच्या पाण्यावरून त्यांच्याविरुद्ध नगरपरिषदेत अर्ज ठोकला. पाणी त्यांचं नव्हतंच.

शामलानं मरताना एकच मागितलं होतं, "माझी परडी रिकामी ठेवू नका." दर मंगळवारी पाच घरी देवीचा जोगवा मागायचा, मिळालेल्या पिठाची भाकरी दिवेलागणीला देवीपुढं ठेवायची. वर्षभर तिची बहीण उमादेवी हे करत होती. या मंगळवारी तिची कंबर धरली. मग नारायणरावांनीच गळ्यात कवड्यांची माळ घातली आणि परडी उचलली.

चार घरांनी मूठ मूठ पीठ टाकलं, तेही गेलेल्या शामलाच्या नावाकडं बघून. कोपऱ्यावरच्या बंडप्पानं मात्र यांना बघताच आतून कडी घातली. गल्लीत एकच दार उरलं, आणि ऊन उतरलेलं.

"आईचा जोगवा!" नारायणराव समन्स बजावल्यासारखे ओरडले.

संघपाल दारात आला. "परवा आमच्यावर अर्ज दिला, आन् आज आमच्याच दारात व्हय, काका?"

"द्यायचं नसेल तर नाही म्हणा!"

"न्हायच म्हणतो. आमी देवीच्या नावानं कायबी देत न्हाय."

नारायणराव तणतणत वळले. तेवढ्यात वृषाली पिठाचा डबा घेऊन बाहेर आली.

"थांबा. देवीच्या नावानं न्हाय मिळणार. तुम्हाला पायजे असंल तर तुमच्या नावानं मागा. देते."

म्हाताऱ्याचा तिळपापड झाला. जोगव्याला हात पसरायची लाज नसते, मागणारी देवी असते. पण स्वतःसाठी, आणि यांच्याकडं? आयुष्यभर लोकांनी नारायणरावांच्या टेबलापुढं हात जोडले होते. शामलाची फार आठवण आली आणि तिचा रागही आला.

"मला मूठभर पीठ द्या," ते म्हणाले. घसा खाकरून मग "बाई" असंही म्हणाले.

वृषालीनं वाटीभर दिलं. हसली मात्र नाही. संघपालनं दार लावून घेतलं.

घरी त्यांनी सगळं पीठ एकत्र मळलं. भाकरी वाकडी झाली, एका अंगानं करपली. ती देवीपुढं ठेवून ते शामलाच्या फोटोवर खेकसले, "चार घरी देवीनं मागितलं. पाचव्या घरी मी मागितलं, माझ्या तोंडानं, तुझ्यापायी. चालतं का, ते तुझं तूच तिला विचार."