मुरुमावर उभा केलेला खांब

"पाण्यालाच विचारू या, मुकादम," असं म्हणून तो पळसाचं पान नदीत टाकायचा, खिशातलं घड्याळ काढायचा आणि पानाबरोबर काठाकाठानं पळत सुटायचा. "सायबाचा पान पलाला, धरा," आमचे मजूर हसायचे. तो धापा टाकत पाण्याचा वेग वहीत लिहायचा.

तो ओव्हरसियर. तलासरीकडून डहाणूला जाताना जी नदी पावसाळ्यात वाट अडवायची, तिच्यावर पूल बांधायला सरकारनं पाठवलेला. पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा मी त्याला अहोजाहो करायचो. आता 'तो'च म्हणतो.

बंगल्याच्या ओट्यावरून हुकूम सोडणारे साहेब तुम्हीही पाहिले असतील. हा तसला नव्हता. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारून जुन्या पुराची खूण बघायला चिखलातून जायचा. माझ्या घरी जमिनीवर बसून सुक्या बोंबलाची चटणी खायचा. डोळ्यांतून पाणी, तरी "वहिनी, अजून थोडी."

शाळेत मी एकच वर्ष गेलो. अंगठा उठवायचो. यानंच गोणीवर कोळशानं अक्षरं काढून मला सही शिकवली.

मी त्याला पहार शिकवली. खड्ड्याच्या तळाशी पहार आपटायची. खडक असला तर हाताला झिणझिण्या येतात. मुरूम असला तर पहार गप्प बसते.

मधल्या खांबाच्या खड्ड्यात पहार गप्प बसली.

"साहेब, अजून खोल जायला पाहिजे. पूर खांबाला अडला की बुडाशी भोवरा पडतो. मुरूम खरवडून नेतो."

"मला का माहीत नाही? पण पाऊस तोंडावर आलाय. वरून रोज विचारतात." तो माझ्याकडे बघेना. "मुरूम कडक आहे. भरून घ्या."

भरला. संध्याकाळी त्यानं एक कागद पुढे केला. "वाचून दाखवू?"

सगळी माणसं भोवती उभी. माझी ऐट त्याला ठाऊक होती. "सही येते मला," मी म्हणालो, आणि केली.

तिसऱ्या पावसाळ्यात खांब खचला. चौकशीच्या साहेबांनी तो कागद वाचला. मुकादमानं पहार मारून खडक लागल्याची खात्री दिली, असं त्यात लिहिलेलं. खाली माझी सही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो घड्याळाला किल्ली देत होता.

त्यानंतर पाया भरायला, विहीर खणायला या भागात मला कुणी बोलावलं नाही. पुढे मी हट्टानं वाचायला शिकलो, पण ते पुढे. बायको म्हणायची, "त्याच्याच तोंडून खरं निघालं तर लोक मानतील."

त्याची बदली झाली. तो निघाला त्या दिवशी पूल बंद, नदी मांडीएवढी, चौकशीचे साहेब जीप घेऊन पलीकडे थांबलेले. पाण्यातली वाट मलाच माहीत. तो बूट हातात घेऊन काठावर उभा होता. मी हात दिला. मधोमध आल्यावर थांबलो.

"खडक होता का, साहेब?"

"नव्हता."

"मग पलीकडे एवढंच सांगा."

त्यानं मान डोलावली. माझा हात घट्ट धरला.

काठावर पोचल्यावर त्यानं पाय पुसले, बूट घातले, नाड्या बांधल्या. मी उभाच. मग तो त्या साहेबांना म्हणाला, "हे आमचे मुकादम. यांच्यामुळे सुखरूप आलो."

जीप डहाणू रोडकडे गेली. तो या भागात पुन्हा आला नाही. मला अजून नदी उतरून घरी जायचं होतं.