खांद्यावरचं माप

लांब फळी खांद्यावर घेऊन चाललं की ती डोलते. तिचं डोलणं आणि आपलं पाऊल एका तालात पडलं तर दर पावलाला ती आणखी डोलते, आणि थोड्या वेळानं माणूस फळीला नेत नाही, फळी माणसाला नेते. हे टाळायचं तर पाऊल बदलावं लागतं. जाड लाकूड भरभर उसळतं, पातळ लाकूड सावकाश झोका घेतं. प्रत्येकाचं पाऊल वेगळं.

मी लाकडाच्या वखारीत करवतीवर होतो. कापलेलं लाकूड करवतीपासून थप्पीपर्यंत वाहून नेणाऱ्यांत ताई होती. सगळी वखार तिला ताईच म्हणायची. मालकही म्हणायचा, आणि तो तिच्यापेक्षा वयानं मोठा होता. माझी तिच्याकडे पाठ असायची. तरी करवत जरा थांबली की नुसत्या पावलांच्या आवाजावरून मला कळायचं, ताईच्या खांद्यावर आता काय आहे. छोटी, जलद पावलं म्हणजे खांब. लांब, अडखळल्यासारखी पावलं म्हणजे पातळ फळ्या. ती अडखळत नसायची. फळीचा ताल मोडायची.

ती उंच नव्हती, दांडगी नव्हती. खांद्यावर एक घट्टा आणि त्यावर गोणपाटाची घडी. दमल्यावर थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा उचलायची. संध्याकाळची तिची खेप सकाळच्या खेपेएवढीच असायची. ज्यानं ओझं वाहिलं आहे त्यालाच कळेल, मी काय सांगतो आहे.

वखारीतलं काम सुटल्यावर आमची भेट क्वचित व्हायची. मग तिच्या धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आला. भाऊ सुतार. एकटा राहायचा. ताईनं त्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं. काही महिन्यांत तो काठी टेकत चालायला लागला, बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र अंगाला लटकून राहिला. डॉक्टर म्हणाले, फिरा, डाव्या हाताला काम द्या. तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसायला लागला. खाटेखाली त्याची हत्यारांची पेटी होती.

एक दिवस त्यानं आपल्या जुन्या चेल्याला निरोप पाठवला. चेला आता स्वतः कपाटं, दरवाजे करणारा मोठा कारागीर झाला होता. निरोप एवढाच: रविवारी ये आणि पेटी घेऊन जा.

ताई माझ्या दारात आली ती तेव्हा.

"करवत्या, पेटी गेली की तो गेला," ती म्हणाली. "श्वास चालू राहील. पण तो गेला."

"मग चेल्याला नको म्हणून सांग."

"पेटी त्याची आहे. मी कोण नको म्हणणारी? त्याला विचारलं, का देतोस? तर म्हणतो, हत्यारं पसरायला जागा कुठाय तुझ्या घरात. जागा नाही म्हणतो ना? जागा करते. परसात शेड घालते. खांब उभे करायला ये."

शुक्रवारी सकाळी गेलो. परसात लाकूड येऊन पडलं होतं. बघून मी जागीच थांबलो. सगळं चार बाय चार इंचांचं. कोपऱ्याच्या खांबांना ठीक. पण छपराच्या वाशांनाही चार बाय चार, भिंतींच्या मधल्या उभ्या लाकडांनाही चार बाय चार. शेड केवढी? एक माणूस, एक कामाचं टेबल आणि एक लांब फळी फिरवता येईल एवढी. वर नुसते पत्रे.

"सगळं एकाच मापाचं?" मी विचारलं.

"वखारीत जाऊन निवडलंय. एकेक माप खांद्यावर घेऊन अंगणभर चालले. तिथली माणसं कामं सोडून बघत होती. चार बाय दोन फार डोलते. माझ्या भावाच्या डोक्यावर डोलणारं लाकूड नको."

जन्मभर सांगतील ते माप मी कापलं. ते पुढे कुठे बसतं, किती पेलतं, हे बघायला कधी गेलो नव्हतो. आम्ही एक वासा उचलून बघितला. ओलसर लाकूड. छातीपर्यंत आला आणि तिथून वर जाईना. ताईचा चेहरा लाल झाला, माझा बहुतेक पांढरा.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"हत्ती बांधणार आहेस का, ताई?"

कित्येक दिवसांत तो आपणहून बोललेला मी ऐकला नव्हता. ताईनं वासा खाली टाकला. खिडकीकडे वळलीसुद्धा नाही.

"तू भिंत बघ तुझी."

"भिंतच बघत होतो. तुझ्या धापा टाकण्यानं लक्ष लागेना."

"मग कान झाक."

"एका हातानं एकच कान झाकतो."

मग काठीचा आवाज. तो मागच्या दारात आला, लाकडाकडे बघितलं आणि त्याची मान आपोआप हलायला लागली.

"हे छपराला? पत्र्यांचं ओझं राहू दे, हे आपलंच ओझं पेलत बसेल. आणि ते सगळं खाली खांबांवर. कोणी सांगितलं हे माप?"

"माझ्या खांद्यानं. चार बाय दोन डोलत होती."

"कशी धरली होतीस?"

"खांद्यावर. आणखी कशी धरतात?"

"आडवी की उभी?"

ताईला प्रश्नच कळला नाही. "आडवी. उभी धरली तर खांदा कापून काढेल."

तो हसला. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसला. आणि मला म्हणाला, "आत जा. माझ्या खाटेची एक फळी काढून आण."

"झोपशील कशावर?" ताई म्हणाली.

"ते रात्री बघू."

मी गादी बाजूला सारून फळी काढली. सहा इंच रुंद, एक इंच जाड, अगदी साधी. त्यानं विटांचे दोन ढीग रचायला लावले, खाटेच्या लांबीएवढे दूर. फळी त्यावर आडवी ठेवली. फळीखाली, जमिनीपासून वीतभर वर, एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत दोरी ताणायला लावली. डाव्या हाताची बोटं त्यानं फळी आणि दोरीच्या मधल्या फटीत घातली. चारही बोटं मावली.

"ताई, बस मधोमध."

ताई बसली. फळी खाली वाकली. फटीत आता दोनच बोटं जात होती.

"बघ," ताई म्हणाली. "हेच म्हणतेय मी."

"ऊठ. आता हिला उभी कर. पडू नये म्हणून दोन्ही टोकांना दोन्ही बाजूंनी विटा लाव. दोरी आहे तिथेच राहू दे."

फळी धारेवर उभी राहिली. तिच्या एक इंचाच्या धारेवर बसायचं म्हणजे शिक्षाच. ताईनं आपली गोणपाटाची घडी आणली, ती ठेवून बसली. त्यानं बोटं घातली. चार.

"नीट टेकलीयस ना? का पायांवर तोलतेयस?"

"पाय वर घेऊ? घेतले. लवकर मोज, रुततंय."

चार.

"करवत्या, तू पण बस."

मी बसलो. आम्ही दोन म्हातारी माणसं एक इंच जाडीच्या फळीवर, पाय उचलून, एकमेकांना धरून. त्यानं पुन्हा बोटं घातली आणि हात तसाच ठेवून आमच्याकडे बघितलं. चार.

मी उतरलो आणि ती फळी हात लावून बघितली. तेच लाकूड. तेवढंच वजन. कुठून काही जोडलं नव्हतं. फक्त कुशीवर वळली होती. अशा फळ्या मी किती कापल्या असतील, त्याला गणती नाही. त्या सगळ्यांत ही ताकद होती आणि मी ती पाठीमागे टाकत गेलो. ताई जमिनीवर बसून फळीच्या बरोबरीनं डोळा लावून बघत होती. बराच वेळ बघत होती.

"म्हणजे मी जन्मभर लाकडाची कमजोर बाजूच वाहिली," ती शेवटी म्हणाली.

मग त्यानं मापं सांगितली आणि सांगताना खाली बसला नाही. कोपऱ्यांना चार बाय चारच ठेवा, त्यांना कुठूनही वारा लागणार. वासे चार बाय दोनचे, उभे, दोन-दोन फुटांवर. भिंतीच्या मधल्या उभ्यांना तीन बाय दोन पुष्कळ झालं. आणि रंधा मारलेलं गुळगुळीत आणू नका. रंधा चारही बाजूंनी खातो, चार बाय दोन म्हणून घरी येते ती चार बाय दोन नसते. न मारलेलं आणा, दिसायला खरबरीत असलं तरी. दिसायला काय, मला कोण बघायला येणार आहे?

त्या "मला" शब्दावर ताईनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

जादा लाकूड परत गेलं, नवं शनिवारी आलं. त्यानं स्टूल मागून घेतलं आणि एकेक वासा डोळ्यासमोर धरायला लावून निवडायला लागला. बाक कुठे, गाठ कुठे, रेषा कशा जातात. बाक असेल तर फुगीर बाजू वर ठेवायची, म्हणजे ओझ्यानं तो सरळ होतो. त्यातली एक चार बाय दोन त्याला फार आवडली. सरळ, एक गाठ नाही, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढल्यासारख्या.

"ही मधल्या जागेला," तो म्हणाला.

ताई मात्र एकेक उचलून परसाला फेरी मारत होती.

"आता ही मिरवणूक कशाला?" तो म्हणाला. "काल सांगितलं ना, आडव्या डोलण्याला अर्थ नाही."

"माप तुझं बरोबर. मान्य. मी माप बघत नाहीये." ताई ती सरळ, बिनगाठीची घेऊन फिरली, मध्येच थांबली, पुन्हा चार पावलं चालली, आणि कुंपणाशी वेगळी टाकली. "ही नको."

"ही? सगळ्यांत चांगली आहे ती!"

"असेल. नको."

"का पण?"

"खाली जाते, पण परत यायला कंटाळते."

"लाकूड कंटाळतं का?"

"माणूस नाही कंटाळत?"

तो काठीनं माती उकरत राहिला. मग मला म्हणाला, "विटांवर ठेव. आडवीच ठेव. आधी दुसरी ठेव, तिच्या मापाची."

मी आधी दुसरीवर चढलो, टाचांवर उसळलो. ती खाली गेली, वर आली, मला झुलवलं. मग ताईनं नको म्हटलेली ठेवली. मी मधोमध उभा राहिलो. काही झालं नाही. एकदा उसळलो, आणि मी जमिनीवर होतो.

करकर नाही, कण्हणं नाही. चांगलं लाकूड मोडताना आधी ओरडतं आणि लांब लांब काटक्या सोडतं. ही गाजरासारखी दोन तुकडे झाली होती. तोंडं सपाट. आतून लाकूड मेलेलं होतं आणि बाहेर त्याची एक खूण नव्हती. माझ्या करवतीखाली आली असती तर मीही तिला पहिल्या नंबरात टाकली असती.

त्यानं एक तुकडा मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं तोंड चोळलं. भुगा पडला. तो ताईकडे असा बघत होता, जणू ही बाई आपल्याच घरात वाढली हे त्याला आज कळत होतं.

"जन्मभर मी डोळ्यांनी निवडलं," तो म्हणाला. "माझ्या किती छपरांत अशी एखादी असेल?"

"पडली असती तर लोकांनी तुला शोधत येऊन सांगितलं असतं. मुकाट सोसण्याएवढे सगळे चांगले नसतात."

"ताई, ह्या बाकीच्या पण घेऊन बघ. सगळ्या."

"बघतेच आहे. तूच मध्ये बोलत होतास."

ती फिरत राहिली. लाकूड उचलणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. त्या वयात ते तसं उचलता येत नाही. ती उचलत होती. खांद्यावर घेतल्यावर तिच्या चेहऱ्यावर कष्ट दिसत नव्हते. कोणी हळू बोलत असावं आणि ती कान देऊन ऐकत असावी, तसं काहीतरी दिसत होतं.

रविवारी चेला टेम्पो घेऊन आला. पुढचं दार उघडं, घरात कोणी नाही, म्हणून हाका मारत मागे आला. परसात चार खांब उभे होते, ओळंब्यात, अगदी सरळ. पेटी पायरीवर होती, झाकण उघडं. सुतार डाव्या हातानं वाशावर रेघ मारत होता. रेघ वाकडी गेली. त्यानं ती पुसली, पुन्हा मारली. पुन्हा वाकडी गेली. शिवी हासडली, पुसली, पुन्हा मारली. त्या रेघेवर मी हातकरवत चालवत होतो. यंत्राच्या करवतीवर आयुष्य गेलं, हातकरवतीनं मला पहिल्याच वाशाला माझी जागा दाखवली.

"उस्ताद," चेला म्हणाला, "निरोप होता… पेटी न्यायला आलोय."

"ने की. रिकामी आहे."

चेल्यानं पेटीत बघितलं. खरंच रिकामी होती. रंधा विटांवर, पटाश्या फळीवर, हातोडी ताईच्या कमरेला, काटकोन बघायचा गुण्या गवतात.

"हत्यारं?"

"ती कामात आहेत. तू पण ये कामात. तो गुण्या उचल आणि इथे धर. असा नाही! एवढ्यात विसरलास?"

चेल्यानं टेम्पोची किल्ली खिशात टाकली, बाह्या सरसावल्या आणि गुण्या धरला. असा नाही, तसा.

ताई कुंपणाकडून पुढची चार बाय दोन घेऊन निघाली. सुतार खाली वाकलेला होता, त्याची तिच्याकडे पाठ. मी करवत थांबवली होती, म्हणून पावलं ऐकू येत होती. त्यानं डोकं वर केलं नाही. जरा ऐकलं.

"ही चांगली आहे," तो म्हणाला. "ही मधल्या जागेला."