वोंडाच्या टेबलावरचा दुसरा प्रेस

वोंडा स्ट्रोमेन आमच्या बकहॉर्न गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, त्या संध्याकाळी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये गावजेवण होतं. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं अशी आमच्याकडची रीत. आयुष्यभर गावच्या पोरांना जेवू घातलेल्या बाईचा निरोप, आणि टेबलावरची निम्मी भांडी तिनेच भरून आणलेली. यात काही चुकतंय असं तिथे कुणालाही वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर तिचा धाकटा भाऊ ड्वाइट उभा राहिला आणि त्याने एका खोक्यावरची चादर ओढली. आत उडवलेली काडतुसं घरीच पुन्हा भरायचा नवा कोरा प्रेस होता, फिरत्या ताटलीचा. दांडा एकदा ओढला की ताटली एक घर पुढे सरकते, एका पुंगळीत ठिणगी देणारी टिकली बसते, दुसरीत बंदुकीची दारू पडते, तिसरीवर गोळी दाबली जाते आणि एक तयार काडतूस डब्यात पडतं. सगळ्यांनी वर्गणी काढून तो घेतला होता. टाळ्या झाल्या. मग ड्वाइटने टेबलाखालून रिकाम्या पितळी पुंगळ्यांनी भरलेल्या दोन बादल्या ओढून काढल्या. पिस्तुलाच्या, त्याच्या स्वतःच्या आणि नेमबाजीच्या क्लबातल्या त्याच्या दोस्तांच्या. "आता बसून काय करणार होतीस?" असं तो म्हणाला आणि हॉल हसला. वोंडाही हसली. चारचौघांत दुसरं काय करणार?

स्वयंपाकिणीला निरोप देताना मोठं पातेलं द्यावं आणि त्यात निवडायची भाजीही घालून द्यावी, तशातली ही भेट. पण त्यावर सुंदर फीत बांधलेली असल्यामुळे रागवायचीही सोय नाही. मला विचाराल तर असल्या भेटी देणाऱ्यांना त्या त्यांच्याच हातांनी वापरायला लावाव्यात.

वोंडाला दुसरा प्रेस हवा होता, हे खरंच. जेवणाच्या टेबलावर तिने ते कितीदा तरी बोलून दाखवलं होतं. तिचा पहिला प्रेस साधा, ओतीव लोखंडाचा, कुठल्याशा मेलेल्या रँचरच्या, म्हणजे गुरंवाल्याच्या, सामानाच्या लिलावातून गंजलेला उचलून तिने स्वतः घासूनपुसून चालता केलेला. त्यात एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळी दाबायचा साचा, बसते आणि एकच काम होतं. आधी सगळ्या पुंगळ्या दाबून मापात आणायच्या, मग ती डाय काढून दुसरी बसवायची, केसभर इकडेतिकडे करत नेमकी जुळवायची आणि सगळ्यांवर गोळ्या बसवायच्या. शाळेतली जड पातेली उचलून तिचा उजवा खांदा गेला होता आणि या काढघालीचा आताशा कंटाळा येत होता. म्हणून तिने ठरवलं होतं की पहिल्याच्या शेजारी अगदी तस्साच आणखी एक प्रेस लावायचा. एकावर ताकदीचं काम, दुसऱ्यावर नाजूक. डाय कायमच्या जुळवून ठेवायच्या आणि हात लावायचा नाही. आपल्या एका रायफलसाठी, शरद ऋतूतल्या शिकारीपुरती मोजकी काडतुसं निवांत भरायची. एवढंच तिचं मागणं होतं. घरच्यांनी त्यातला 'प्रेस' हा शब्द ऐकला आणि बाकीचं त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात उतरली तर तिच्या टेबलाला चार नवी भोकं पाडलेली. हे टेबल म्हणजे गावातली बोलिंगची जागा बंद पडली तेव्हा तिथल्या मॅपलच्या फळ्या तिने स्वतः वाहून आणून, तासून बनवलेलं. त्या भोकांत नवा प्रेस बोल्टने घट्ट बसवलेला आणि जुना टेबलाखाली खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेला, एखादं आजारी मांजर ठेवावं तसा. हे काम तिचा नवरा मर्ल याचं. मर्ल भला माणूस. मासे पकडावेत, कुणी सांगेल ते करावं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशा माणसावर नीट चिडताही येत नाही, हा संसारातला मोठा ताप.

"जुना आता लागणार नाही असं ड्वाइट म्हणाला," मर्ल म्हणाला.

"टेबल ड्वाइटचं आहे का?"

मर्लने मान खाली घातली. वोंडाने जुना प्रेस खोक्यातून काढला, पुसला आणि जागा नसल्यामुळे पुन्हा खोक्यातच ठेवला.

शाळेत तिला दिवसभर लोक हाका मारत, घरी आली की रात्रीच्या जेवणाला काय आहे असं विचारत. तळघरातलं ते टेबल तेवढं तिचं होतं. दारू मापायला बसली की ती जिन्यावरचा दिवा लावायची. दिवा लागला की खाली यायचं नाही आणि वरून बोलायचंही नाही, हे मर्लला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं आणि त्याने ते एकदाही मोडलं नव्हतं. भरणाऱ्याशी बोलू नये, अर्धं काम टाकून उठू नये, आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये, हे नियम आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. ते सगळ्यांना माहीत असतात. ड्वाइटलाही माहीत होते. फक्त तिसऱ्यातून त्याने पळवाट काढली होती, की बहिणीने भरलेली म्हणजे घरचीच.

वोंडा भरत राहिली. भेट घेऊन कोपऱ्यात टाकली तर लोक काय म्हणतील? प्रेस वाईट होता असंही नाही. मन लावून, एका तालात, कुणी मध्ये न येता चालवला तर उत्तम चालतो आणि ज्यांना ढिगाने काडतुसं लागतात त्यांना तो हवाच. पण तिला ढीग नको होता. पहिली बादली संपली तेव्हा ड्वाइट तिसरी घेऊन आला. शिकारीचे दिवस तोंडावर आले आणि तिच्या स्वतःच्या रायफलच्या पुंगळ्या तशाच बरणीत पडून होत्या. मर्लने एकदा विचारलं की तुझी कधी भरणार. तिने उत्तर दिलं असतं तर ते फार मोठ्याने दिलं गेलं असतं.

मग त्या गुरुवारी ड्वाइट आला. शनिवारी क्लबात सामना होता. त्याची मुलगी केल्सी कॅस्पर शहरातून खास त्यासाठी येणार होती आणि तिच्या पिस्तुलाची काडतुसं घ्यायला तो आला होता. जिन्यावरचा दिवा लागलेला असताना सरळ खाली उतरला, स्टूल ओढून बसला आणि केल्सीच्या नव्या घराविषयी बोलू लागला. वोंडाने हात थांबवला. वर कॉफी संपलीय, असं तो बोलता बोलता म्हणाला. आणि वोंडा, जिने आजवर अर्धं काम टाकून कधी पाय हलवला नव्हता, ती उठली आणि तिने वर जाऊन कॉफी ठेवली. सवय. चाळीस वर्षं कुणी ना कुणी भांडं रिकामं आहे म्हणायचं आणि ती उठायची. वर चुलीपाशी पोचल्यावर तिला कळलं की आपण काय केलं, तशी ती कॉफी तिथेच सोडून खाली परतली.

ड्वाइट तिच्या जागेवर बसून दांडा ओढत होता.

"थोड्या मीही काढल्या," तो खुशीत म्हणाला. "मध्ये जरा अडकलं होतं, पण सुटलं."

"अडकलं तेव्हा काय केलंस?"

"काय करणार? दांडा दोनचारदा वरखाली केला. मग लागलं चालायला."

"त्या घरातली पुंगळी बाजूला काढलीस?"

"कशाला काढायची? पडली डब्यात सगळ्यांबरोबर."

वोंडाने डब्यात पाहिलं. सकाळपासूनची तिची आणि त्याची, सगळी काडतुसं एकावर एक पडलेली. एकसारखी चकचकीत. दांडा अर्ध्यातून परत फिरवला की ताटली पुढे सरकत नाही आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. पिस्तुलाला दारू लागते ती चिमूटभर. दुप्पट झाली तरी आत मावते, आणि वर गोळी बसली की मग देवाला ठाऊक. ते काडतूस उडालं की पिस्तूल हातात फुटतं.

ड्वाइटने डबा उचलायला हात घातला. वोंडाने डब्यावर आपला हात ठेवला.

"ठेव."

"अगं, नसेलही पडली दोनदा. एवढ्यांत एखादी असली तर असली. वजन करून बघ वाटल्यास."

प्रत्येक पुंगळी आणि गोळी मुळातच थोडी कमीजास्त भरते, त्यात दारूचा एवढासा फरक तराजूवर खात्रीने कळत नाही, हे तिने त्याला सांगितलं. सगळी फोडावी लागतील.

"शनिवारी केल्सीला हवीत," ड्वाइट म्हणाला. "तिच्याकडे एकही नाही."

"म्हणूनच ठेव."

तिने हातोडीसारखं दिसणारं ते अवजार काढलं. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडी ठोकळ्यावर आपटायची, म्हणजे गोळी निखळते आणि दारू सांडून हाती येते. एकेक काडतूस तसं ठोकायचं. दुखऱ्या खांद्याने. प्रत्येकातली दारू पांढऱ्या बशीत ओतायची, बघायची, बाजूच्या डब्यात टाकायची. ड्वाइट समोर फुगून बसला होता. मदत करू का, असं त्याने विचारलं नाही आणि तिने मागितलीही नाही. मर्ल मात्र कॉफी करपल्याचा वास आल्यावर जिन्यापर्यंत आला, दिवा बघून वरच्या पायरीवर थांबला आणि मग पहिल्यांदाच नियम मोडून खाली उतरला. त्याने तिच्या हातातली हातोडी घेतली आणि ठोकायला लागला. ती बशी बघत राहिली.

बाहेर अंधारून येईपर्यंत सगळे ढीग सारखेच निघाले. ड्वाइटने दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा मोठ्याने सुस्कारा सोडला. मग एका काडतुसाची दारू बशीत पडली आणि पडतच राहिली. वोंडाने बशी उचलून भावापुढे धरली. आधीच्या प्रत्येक ढिगाच्या नेमका दुप्पट ढीग. कुणालाही दिसावा असा.

"ही केल्सीच्या हातात गेली असती," ती म्हणाली.

ड्वाइट बशीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. वोंडाला वाटलं, आता तरी हा काहीतरी बोलेल. चूक झाली म्हणेल, निदान तुझं बरोबर होतं एवढं तरी म्हणेल. तिने वाट पाहिली. खरं सांगायचं तर तिने मनातून त्याला माफही करून टाकलं होतं, फक्त त्याने तोंड उघडायची खोटी.

त्याने तोंड उघडलं. "बरं झालं सापडली. मग बाकीच्या उद्यापर्यंत परत भरून होतील ना?"

माणसाला आपलं कुठे काय चुकलं हे न कळणं समजू शकतं. पण दुप्पट दारूचा ढीग नाकासमोर असताना ज्याला उद्याचा हिशेब सुचतो, त्याला काय म्हणावं? वोंडाने पाना घेतला आणि टेबलाखाली वाकून एकेक बोल्ट काढायला सुरुवात केली. ड्वाइटला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो म्हणाला की सगळ्यांनी इतक्या प्रेमाने दिलेली वस्तू, लोकांना काय सांगायचं, थोडं चुकलं म्हणून इतकं मनाला लावून घ्यायचं का. तिने प्रेस उचलला. खांद्यातून कळ गेली तरी खाली ठेवला नाही. मर्ल पुढे झाला, तर त्याला म्हणाली की तू बादल्या घे. दोघांनी ते सगळं जिन्याने वर नेलं आणि ड्वाइटच्या पिकअपमध्ये भरलं.

"तुझ्या गॅरेजात टेबल आहे," ती म्हणाली. "केल्सीची तू भर. तू भरलीस की तुला आपोआप काळजी वाटेल."

ड्वाइट गेला. पुढचे काही दिवस बकहॉर्नभर बोलणं झालं, की वोंडा फार शेफारली, निवृत्त झाल्यापासून डोकं फिरलंय, भेट कुणी अशी परत करतं का. ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांनी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं. त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की झालं काय. केल्सीने शनिवारी दुकानातून विकत घेतलेली काडतुसं वापरली आणि सामना खेळून कॅस्परला परत गेली. दहाही बोटं शाबूत घेऊन. पण शाबूत बोटांची बातमी कुठे होते?

त्यानंतरच्या आठवड्यात वोंडा आणि मर्ल जिलेट शहरातल्या बंदुकांच्या दुकानात गेले. काउंटरमागचा माणूस नेहमीप्रमाणे मर्लकडे वळला आणि कुठला प्रेस बघायचाय असं त्याला विचारलं. मर्लने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "प्रेस तिचा आहे. तिला कुठला हवाय ते मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही."

वोंडाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने काउंटरवर हात टेकून, सावकाश, काहीही न गाळता सांगितलं. साधा, एका डायचा, ओतीव लोखंडाचा. पहिला आहे तसाच, म्हणजे दोघांचा दांडा हाताला सारखा लागेल.

दुकानदार म्हणाला की हे फारच जुन्या पद्धतीचं झालं, यापेक्षा कितीतरी वेगाचं आहे त्याच्याकडे, ताशी शेकड्यांनी काढणारं.

"घाई मला नाही," वोंडा म्हणाली. "ज्याला होती त्याच्या घरी तसला एक पोचवलाय."