झऱ्याच्या खोऱ्याची नोंद

चौकीवरचे सगळे वनरक्षक त्यांना निरंकमामा म्हणायचे, तेही तोंडावर. रोज संध्याकाळी गस्तीची वही भरायची, कुठे कोणता प्राणी दिसला, कुणाचे ठसे सापडले ते लिहायचं. झऱ्याच्या खोऱ्यापुढे मामांचा शब्द ठरलेला: निरंक. म्हणजे काहीच दिसलं नाही. "मामा, तिकडे जाता तरी का, की वाटेतच ताणून देता?" सगळे चिडवायचे. मामा हसण्यावारी न्यायचे.

खरं काय ते एकट्या बायकोला ठाऊक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मामांनी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं: झऱ्याजवळ लांडगीण, तीन पिल्लं. वही कचेरीतल्या टेबलावर पडलेली असायची, येणारा-जाणारा चाळायचा. आठवड्याच्या आत शिकाऱ्यांनी बीळ गाठलं. मामांना तिथे रिकामी काडतुसं तेवढी मिळाली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. खोऱ्यात उरलेले लांडगे पुढे वाढले, मामांच्या चाहुलीला बुजेनासे झाले, आणि वहीत मात्र सव्वीस वर्षं निरंक. पोटच्या पोरासारखं जपलं हो त्या माणसानं ते खोरं!

मग तेलवाले आले. जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचं, म्हणून रीतसर सुनावणी ठेवली. कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, भिंतीवर नकाशा लावला. कंपनीच्या बाईंनी त्यावर काठी टेकवली.

"पलीकडच्या खोऱ्यात प्राणी आहेत, तिथे आम्ही पाऊल टाकणार नाही. तेलविहिरी फक्त झऱ्याच्या खोऱ्यात खणू. तिथे एकही प्राणी नाही. ही तुमच्याच खात्याची सव्वीस वर्षांची नोंद."

शेजारच्या पडद्यावर मामांचं वळणदार अक्षर उमटलं. मामा उठले.

"साहेब, ती नोंद खोटी आहे. मीच लिहिलीय. तिथे लांडगे आहेत. उद्या चला, दाखवतो."

"पाहणीची मुदत गेल्या महिन्यात संपली, मामा." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला. माणूस तसा वाईट नव्हता. "पलीकडच्या खोऱ्याची नोंद कुणाची?"

"माझीच."

"ती खरी?"

"अक्षर न् अक्षर खरी."

"एकच वही, एकच हात. अर्धी खोटी म्हणालात तर उरलेली कोण मानणार? बोला, खोटी म्हणून लिहून घेऊ?"

होय म्हटलं तर दोन्ही खोरी जाणार होती. मामा खाली बसले. ऐकणाऱ्याला राग येतो, पण तो काढायचा कुणावर?

"अहो, त्यांचा जीव वाचावा म्हणूनच लिहिलंत ना तुम्ही?" घरी बायको म्हणाली.

"तेच तर," म्हणत मामांनी ताट बाजूला सारलं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना यंत्रं आली. झाडं पडली, रस्ता झाला, जमीन दिवसभर थरथरू लागली. एक दिवस मामा सकाळपासून झऱ्याशी बसून राहिले. पाण्यावर तवंग होता. काठच्या चिखलात टायरचे वण होते, पंजाचा एकही ठसा नव्हता.

संध्याकाळी चौकीत येऊन त्यांनी वही उघडली आणि नेहमीचाच शब्द लिहिला. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदा खरा होता. त्या दिवशी त्यांना कुणी चिडवलं नाही.