दादाचे दगड आणि मी धुतलेल्या चिंध्या

मरोळच्या आमच्या चाळीत फोन एकच, तळमजल्यावरच्या दवाखान्यात. दीड महिन्यापूर्वी भर दुपारी कंपाउंडरने जिन्यातूनच हाक मारली, "शालूताई, आखातातनं फोन!" मी धावले ते आनंदानेच. दादा फक्त गणपतीत फोन करायचा, आज कशी काय आठवण झाली म्हणत रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे कुणी अनोळखी माणूस. दादा कॅम्पवर जेवायला बसला आणि बसल्या जागी गेला… पुढचं मला नीट आठवत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंत. साकीनाक्याच्या वर्कशॉपातला फिटर, तिथून वाळवंटात तेलाचे पाइप जोडायला गेला. त्याने लग्न केलं नाही, मीही नाही. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. चाळीतल्या इतरांचे भाऊ आखातातून टेपरेकॉर्डर आणायचे, साड्या आणायचे. आमच्या बंधुरत्नाने बॅग उघडली, तर आत काळे-तपकिरी दगड! मी भडकलेच. "दगडच आणायचे होते तर आपल्या गावच्या सड्यावर काय कमी होते?" तो शांतपणे म्हणाला, "अगो, हे गावचे न्हय. हे आभाळातसून पडलेले आसत." मग त्याने दोरीला बांधलेला लोहचुंबक काढून दाखवला. फिकट वाळूत एखादा काळा दगड उठून दिसला, हाताला आकाराच्या मानाने जड लागला आणि चुंबक त्याला चिकटला, की दादाची सुट्टी कारणी लागायची. दर फेरीला दोन-तीन, असे चौदा दगड जमले. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत प्रत्येक दगड जुन्या बनियनच्या चिंधीत बांधून ठेवलेला असे.

मी शाळेत शिवण शिकवते. मळका कपडा दिसला की माझे हात शिवशिवतात. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी दादा तिकडे असताना घर साफ करायला काढलं आणि पेटीही उघडली. चिंध्या तेलकट, कळकट झालेल्या. प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनने काही आकडे, काही अक्षरं होती. मला वाटलं, कॅम्पच्या धोब्याच्या खुणा. सगळ्या सोड्यात उकळल्या, नीळ घातली, इस्त्री केली आणि दगड पुन्हा जसेच्या तसे बांधून ठेवले. केवढा अभिमान वाटला होता मला! दादा आला, त्याने पेटी उघडली, एक चिंधी हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाला, "बरा केलंस गो… मळलेच होते."

मी काय करून बसले ते मला कळलं महिनाभराने, भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या खोलीत. इंग्रजीची वेळ आली तर असू दे, म्हणून दादाने मला बरोबर नेलं होतं. त्यांनी एका दगडाचा कोपरा कापला. आत धातूचे बारीक कण चमकले. "उल्का आहे, दगडी जातीची," ते म्हणाले, आणि दादाचा चेहरा असा काही खुलला! "पण सापडली कुठे?"

"लिहून ठेवलं नाही, साहेब," दादा म्हणाला.

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. वाण्याच्या पुडीवरसुद्धा तारीख घालून ठेवणारा हा माणूस! आणि मग चिंध्यांवरच्या त्या निळ्या अक्षरांचा अर्थ लागला. कुठला कॅम्प, कुठल्या खांबापासून किती पावलं.

"ठिकाणच माहीत नसेल तर यांची नोंद कशी करणार? अवर्गीकृत म्हणूनच पडून राहतील. एवढं कळायला नको होतं?" प्राध्यापक वैतागले. दादाने मान खाली घातली. मी तोंड उघडलं… आणि मिटलं. लाज वाटली, दुसरं काही नाही. परतताना तो कोलंबी घेऊ या का विचारत होता.

त्यानंतर त्याला धाप लागायला लागली, तरी 'अजून एकच फेरी' म्हणत तो जात राहिला, पण नवा दगड काही घरी आला नाही. ती ठिकाणं पुन्हा शोधायला जात होता का? मी कधी विचारलं नाही. हेच आता मला खातं.

त्याला घरी आणून सगळं उरकलं. पुढे पंधरा दिवसांनी त्याचा केरळचा खोलीसोबती सामान घेऊन आला. त्यात नवे तीन दगड होते. या वेळी चिंध्या नव्हत्या. प्रत्येक दगडाला तारेने पत्र्याची पट्टी बांधलेली आणि तिच्यावर पंचने एकेक अक्षर ठोकून सगळं लिहिलेलं: कॅम्प, खांब, पावलं, तारीख. मला एका शब्दाने न बोलता त्याने केवढी ठोकाठोक केली होती. त्या पट्ट्यांवर बोट फिरवत मी रडले.

गेल्या आठवड्यात सतराही दगड घेऊन प्राध्यापकांकडे गेले. पट्ट्या वाचून ते खूश झाले. "वा! या तिन्हींचं काम होईल. शिकले म्हणायचे तुमचे बंधू."

"तो पहिल्यापासून लिहीत होता," मी म्हटलं. "ते मी धुतलं."

एवढंच वाक्य होतं. दादा बाजूच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता, तेव्हा ते माझ्याने बोलवलं नाही.