प्रश्नोत्तरीचे काका आणि ओला माल

प्रश्नोत्तरीच्या काकांनी हात दिला नसता, तर माझी लेक अजून रिपीटर राहिली असती आणि मीसुद्धा. काय झालं ते पुढे सांगतेच, पण आधी त्यांचं नाव घ्यायला हवं. नाव म्हणजे एवढंच, प्रश्नोत्तरीचे काका. आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. लातुरात पोरांना शिकवणारी माणसं किती आहेत याला गणती नाही. एकेका गल्लीत तीन-तीन क्लास, आणि प्रत्येक चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे दारापेक्षा मोठे फोटो. पण शिकायला आलेल्या पोरांना अंगणात हाकलून त्यांच्या आईबापांना वर्गात कोंडणारा शिक्षक अख्ख्या लातुरात एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला.

आम्ही लुथरन ख्रिस्ती, राहणारे धर्माबादचे. आमच्यात लेकरू चौदा-पंधरा वर्षांचं झालं की त्याला लहान प्रश्नोत्तरी शिकावी लागते. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, आणि जवळपास प्रत्येक ओळीखाली तोच एक सवाल: याचा अर्थ काय? सगळं शिकून झालं की मंडळीपुढं उभं राहून उत्तरं द्यायची, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतात, आणि तिथून पुढं लेकरू प्रभुभोजनाला मोठ्यांच्या रांगेत येतं. याला दृढीकरण म्हणतात. माझी स्नेहा अकरावीत लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आली. एकटी पोर कशी ठेवायची, या घोरानं मीही तिच्यामागं आले आणि तिच्याच हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. तिचे पप्पा धर्माबादच्या मिरची बाजारात हमाल, ते तिकडंच राहिले. माझी शाळा सातवीतच सुटलेली. मिरचीची देठं खुडायला आईबरोबर गेले ती परत वर्गात बसले नाही. म्हणून धर्माबादला राहून गेलेल्या प्रश्नोत्तरीला स्नेहाचं नाव इथं घातलं तेव्हा मला वाटलं, चला, हेही एक शिकवणारे भेटले, आपलं काम संपलं.

पहिल्या रविवारी आम्ही सहा-सात पालक पोरांना सोडायला म्हणून मंडळीच्या हॉलवर आलो आणि निघायच्या बेतात होतो. काका दारात उभे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. पोरांना म्हणाले, "तुमी भाईर. तिथं कॅरम हाय, खेळा." आणि आम्हाला म्हणाले, "तुमी आत. चपला काढा, बसा." अहमदपूरहून आलेले एक गृहस्थ होते, त्यांना वाटलं ही पालकसभा आहे. त्यांनी वही काढून विचारलं, "सर, नोट्स कधी देताव? टेस्ट सिरीज असतीय का?"

"अहमदपूर," काका म्हणाले, "तुमी लेकराला जेवाय घालताव का जेवनाच्या नोट्स देताव?"

काका माणसाला त्याच्या गावाच्या नावानंच हाक मारतात. त्याचं कारण असं की, उभी हयात त्यांनी मार्केट यार्डात धान्य मोजणारा मापाडी म्हणून काढली. तिथं माल गावावरून ओळखतात, तशी त्यांनी माणसंही ओळखायला सुरुवात केली असावी. मी 'धर्माबाद' झाले. हिमायतनगरच्या एक बाई होत्या, त्या 'हिमायतनगर'. त्या लग्न होऊन तीस वर्षं लातुरातच राहतात, पण माल जिथं पिकला तिथला, असं काकांचं म्हणणं. काका मोजतातही मापाड्यासारखंच. यार्डात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. काकांच्या दहा आज्ञासुद्धा तशाच. "लाभ आज्ञा सांगा!" असं ते पहिल्या दिवशी ओरडले, तेव्हा अहमदपूरकरांनी प्रश्नोत्तरीचं पुस्तक उलटंपालटं करून ही कुठली आज्ञा ते शोधून पाहिलं.

टेबलावर त्यांच्यापुढं एक लोखंडी नळी असते. पोत्यात खुपसून मधला माल बाहेर काढून बघायची ती नळी. निवृत्त होताना यार्डातून आणलेली ती त्यांची एकच वस्तू. ते कधीच पहिल्यापासून विचारत नाहीत. नळी हवेत खुपसतात आणि म्हणतात, "हिमायतनगर, सातवी आज्ञा. मदूनच काढनार मी. पोत्याच्या तोंडाला समद्यांचाच माल चांगला असतोय." आणि कोणी धडाधडा पाठ म्हणून दाखवलं की काका खूश होत नाहीत. डोळे मिटून हातात धान्य घेतल्यासारखं करतात, चिमटीत चोळतात आणि निकाल देतात, "ओला माल हाय. आज वजन भरतंय, आठ दिसांत बुरशी." आमच्या हिशेबी ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी. ज्या गावात पाठांतरावर पोरं डॉक्टर होतात, त्या गावात असं उघड बोलायला छाती लागते.

'याचा अर्थ काय?' हा सवाल त्यांच्या जिभेवर इतका बसला आहे की तो पुस्तकापुरता राहिलेला नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत होते. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "येईल गाडी." काका खिडकीत वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "येईल, याचा अर्थ काय?" त्या माणसानं डोळे मोठे केले, मग वही चाळली, मग फोन लावला. गाडी अहमदपूरलाच बंद पडलेली निघाली. रांगेतले चाळीस लोक काकांचे उपकार मानत दुसऱ्या गाडीत चढले.

पाळकसाहेब नांदेडहून महिन्यातून दोनदा येतात. त्यांनी एकदा मऊपणानं सांगून पाहिलं, "काका, आजकाल आईबाप कामाधंद्यात असतात. तुम्हीच शिकवा की पोरांना." काकांनी प्रश्नोत्तरी उघडून त्यांच्यापुढं धरली. प्रत्येक भागाच्या डोक्यावर छापलेलंच आहे की घरच्या प्रमुखानं हे आपल्या घरच्यांना साध्या रीतीनं शिकवावं. ती ओळ काकांच्या अंगठ्यानं इतकी झिजली आहे की आता ती फक्त त्यांनाच दिसते. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि चहा मागवला.

या ओळीतूनच मी सुटका करून घ्यायला निघाले होते. म्हटलं, "काका, आमच्या घरचे प्रमुख धर्माबादला हायत. मी काय, सातवी शिकलेली."

"लेकरू रोज कुनाच्या हातचं खातंय?"

"माझ्या."

"मग झालं तर. प्रमुख तुमी. आन् त्यास्नी फोनवर घ्या."

त्यांनी खरंच फोनवर घेतलं. दर शनिवारी दुपारी काका स्नेहाच्या पप्पांना फोन लावत आणि भर मिरची बाजारात त्यांच्याकडून आज्ञा म्हणवून घेत. हे एक आज्ञा म्हणायचे आणि चार वेळा शिंकायचे. पलीकडून हमाल ओरडायचे, "तिसरी राहिली की ओ!" महिन्याभरात अर्ध्या हमालांना दहा आज्ञा क्रमानं यायला लागल्या. त्यांतले बहुतेक हिंदू, दोघं मुसलमान, पण चुकलं की तेच दुरुस्त करत.

माझं मात्र काही जमेना. काकांचा कायदा असा, की आईबाप शिकवू शकत नाहीत तोवर लेकराचं दृढीकरण नाही. आणि परीक्षेत सवाल विचारणार लेकरू, उत्तर देणार आईबाप. मी रात्रंदिवस धास्तीत. पुस्तक उघडलं की अक्षरं मिरच्यांच्या देठासारखी दिसायची, एकासारखं एक. पहिल्या वर्षी मंडळीपुढं उभी राहिले आणि तोंडातून शब्द निघेना. स्नेहा समोर, हातात पुस्तक, मान खाली. काका हळूच म्हणाले, "धर्माबाद, पुढच्या साली." बाकीच्या पोरांचं दृढीकरण झालं. माझी पोर बाकावर बसून राहिली.

हॉस्टेलवर परत येताना ती एवढंच बोलली, "क्लासमध्ये माझा नंबर पयल्या धात हाय, मम्मी. अन् इथं तुज्यामुळं मी ड्रॉप." मग ती दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली. डबा घ्यायची, जायची. कधी डबा न घेताच जायची. शिकलेल्या पोरीला अडाणी आई नको झाली, असं माझ्या मनानं घेतलं. नोकरी सोडून धर्माबादला जावं, पोरीला तरी मोकळं करावं, इथवर मी आले होते.

त्याच आठवड्यात काका दुपारी मेसच्या स्वयंपाकघरात हजर. तेलाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसले. "लाटा तुमी. हात चालू ठिवा, तोंड मी चालू करतो." मी म्हणाले, "काका, मला वाचता येईना झालंय." ते म्हणाले, "वाचाय कोन सांगतंय? सांगा, चोरी करू नको, याचा अर्थ काय? तुमच्या ह्या मेसमदी?" मी लाटता लाटता म्हणाले की पोरींच्या वाटणीचं दूध पातळ करायचं नाही, हा अर्थ. काकांनी चिमटीत हवा चोळली. "कोरडा हाय," म्हणाले. "चालू द्या."

तसे ते रोज यायला लागले. मेसच्या इतर बायकाही अधूनमधून उत्तरं द्यायच्या. एका दुपारी स्नेहा ताट ठेवायला आली आणि दारात थबकली. मी चौथ्या आज्ञेचा, आईबापांचा मान राख हिचा, अर्थ सांगताना एक ओळ गाळली होती. तिनं तिथूनच ती ओळ सांगितली. काका तिच्याकडं बघून रागावले, "ए माय, तू भाईर. तुजा नंबर न्हाई आजून." ती गेली नाही. कणकेच्या पिंपाला टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आली. मी अडले की तिचं बोट ओळीवर असायचं. शिकवणारी मी, बोट धरणारी ती, आणि डब्यावर बसलेले काका मधेच नळी खुपसणार. ते काही महिने माझ्या आयुष्यात पुन्हा यायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षीची परीक्षा. हॉल भरलेला, धर्माबादहून स्नेहाचे पप्पा आलेले, सुट्टी काढून, पांढरा शर्ट घालून. स्नेहा माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. याचा अर्थ काय?"

पुस्तकात याची मोठी यादी आहे. अन्न, वस्त्र, घरदार, शेजारी, बरंच काही. मला सगळी येत होती. तोंड उघडलं आणि यादी गेली. काकांनी नळी टेबलावर ठेवून दिली. स्नेहाचे ओठ हलले, पण तिनं सांगितलं नाही.

मग मी म्हणाले, "भाकर म्हंजे नुसती भाकर न्हाई. कणीक मळायला पाण्याचा टँकर आला पाहिजे. ज्यानं ज्वारी पेरली तो धड पाहिजे. मापाड्याचं माप खरं पाहिजे. तुज्या पप्पांचा फोन आला पाहिजे. अन् खायला तू समोर पाहिजेस. तू न जेवता क्लासला जातीस, त्या दिवशी माझ्यापुढं दोनशे पोळ्या असतात, पण भाकर नसती. म्हणून 'आम्हांस दे' म्हणायचं. 'मला दे' न्हाई."

पाळकसाहेब काकांकडं बघत होते, काका छताकडं. स्नेहानं चिमूट वर केली, काका करतात तशी हवेत चोळली, आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "कोरडा माल हाय, काका."

पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिच्या पप्पांना शिंका यायला लागल्या. बाजारापासून इतक्या लांब मिरचीचा खकाणा कुठून आला, हे मी त्यांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या खोलीवर डबा घेऊन गेले. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर एका मुलाचा दृढीकरणाचा फोटो, पांढऱ्या सदऱ्यातला. सहज म्हटलं, "काका, तुमी समद्यांना विचारताव. तुमाला कोन विचारतंय?"

काकांनी जेवणापूर्वीची प्रार्थना संपवली. एकटेच जेवणार होते, तरी 'आम्हांस' म्हणाले. मग फोटोकडं बोट केलं. "त्यो पुन्याला असतोय. मी यार्डात, पहाटं जायाचं, अंधारात यायाचं. त्याला प्रश्नोत्तरी दुसऱ्यांनीच शिकवली. समदं पाठ होतं त्याला. मी कधी एक सवाल न्हाई इचारला, त्यानं कधी मला न्हाई. जल्मभर लोकांचा माल तोलला, धर्माबाद, आन् आपलं पोरगं दुसऱ्याच्या काट्यावर ठिवलं. आता रोज सकाळी फोनात त्याचं फुलाचं चित्र येतं. गुड मॉर्निंग." त्यांनी भाकरी मोडली. "याचा अर्थ काय, ते मी कुनाला इचारू?"

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पण काका, तिथं बोलले नाही ते इथं तुम्हाला सांगते, एक मात्र ठरवून ठेवलं आहे. स्नेहाला पुण्याला प्रवेश मिळो किंवा न मिळो, मी एक दिवस पुण्याला जाणार. सातवीपर्यंतच शिकलेली असले तरी पत्ता विचारत जाता येतं मला. त्या फोटोतल्या माणसाला शोधून काढेन, त्याची काही सबब ऐकणार नाही, त्याला लातूरला आणून तुमच्यासमोर बसवीन. पुस्तक त्याच्या हातात देईन. नळी त्या दिवशी माझ्याकडं राहील. सवाल तो विचारेल, उत्तरं तुम्ही द्याल, आणि मोजायला सुरुवात मी करीन, 'लाभ' म्हणून.