त्याच्या बाजूची रेषा

त्या माणसाचा मला आजही राग येतो. आमची गाठ एकदाच पडली, अंजूरच्या गोदामांमागच्या टेनिस कोर्टवर. पंचेचाळीशीवरच्यांची स्पर्धा होती, उपांत्य सामना. अशा हौशी सामन्यांना पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्यानेच आत की बाहेर ते सांगायचं आणि समोरच्याने मानायचं.

माणूस गोड बोलायचा. माझ्या चांगल्या फटक्याला रॅकेटवर टाळी द्यायचा. पण गुण मोक्याचा असला आणि चेंडू रेषेवर पडला, की तो वाकून बघायचा, फार वाईट वाटल्यासारखी मान हलवायचा आणि बोट वर करायचा. "बाहेर हाय, दादा."

"अहो, रेषेवर पडला! मी पाहिला ना!"

"जाळीपलीकडून? चष्म्याचा नंबर तपासून घ्या, शेठ."

बाकावरचे लोक हसले. सामना मी हरलो. हात मिळवताना तो म्हणाला, "राग न्हाय ना? तुम्ही लायनीवर मारता, तीच चूक हाय. फूटभर आत मारा. मंग मी काय बोलणार व्हतो?"

चोराने कुलूप कसं लावायचं ते शिकवावं, तसं झालं. मी आठवडाभर धुमसत होतो. शेवटी फूटभर आत मारून पाहिलं. चुका निम्म्यावर आल्या आणि मी सामने जिंकू लागलो.

परवाच्या विजयानंतर शेजाऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "कोच लावला की काय?" मी त्यांच्यावर असा खेकसलो, की ते हातातलं सरबत तसंच ठेवून निघून गेले.